चार्जर कोणी मोडला, हे सिद्ध करायचं कोणी?

लॅपटॉपचा चार्जर बिघडतो तो पुष्कळदा एकाच जागी. वायर जिथे पिनेत शिरते, त्या मानेपाशी. तिथलं रबर आधी पांढुरकं पडतं, मग त्याला चीर जाते, मग पिन एका ठरावीक कोनात धरली तरच चार्जिंगचा दिवा लागतो. मुलं वहीचा टेकू देऊन, वायर टेबलाच्या पायाला अडकवून काही दिवस ढकलतात. एक दिवस तोही उपाय संपतो आणि वॉरंटीचा कागद शोधला जातो. सेवा केंद्राच्या काउंटरवर तपासणी होते ती बहुधा डोळ्यांनीच, अर्ध्या मिनिटात. चीर दिसते. ‘हे फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही,’ असं सांगितलं जातं आणि नव्या चार्जरचा दर समोर येतो.

त्या अर्ध्या मिनिटात एक खटला उभा राहून त्याचा निकालही लागलेला असतो. वायरला चीर आहे, याबद्दल वाद नाही. ती का पडली, हा खरा प्रश्न, आणि तो तिथे कोणी विचारत नाही. ग्राहकानं वायर ओढली असणार, मुडपली असणार, खुर्चीच्या चाकाखाली घातली असणार, असं धरून चाललं जातं. आरोप करणारी, तपासणारी आणि निकाल देणारी बाजू एकच असते. निकाल ग्राहकाच्या विरोधात गेला की नव्या चार्जरचे पैसेही तिच्याच गल्ल्यात जमा होतात.

वॉरंटीच्या काळात चार्जर मोडला तर तो ग्राहकाच्या हेळसांडीनं मोडला हे कंपनीनं दाखवून द्यावं. दाखवता येत नसेल तर बदलून द्यावा. हा नियम भारतात स्पष्ट शब्दांत यायला हवा. दोन-तीन हजारांची वस्तू आहे म्हणून हा विषय किरकोळ ठरत नाही. त्या वस्तूवाचून पन्नास हजारांचा लॅपटॉप काही तासांत गप्प होतो आणि त्याच्याबरोबर कोणाची ऑनलाइन परीक्षा, कोणाचं घरून चालणारं काम, कोणाचे जीएसटीचे विवरणपत्र भरण्याचे शेवटचे दिवस अडकतात.

चार्जर आतून कसा असतो हे थोडं पाहिलं तर ‘फिजिकल डॅमेज’ या शेऱ्याचा पोकळपणा ध्यानात येतो. भिंतीतल्या सॉकेटमधली २३० व्होल्टची वीज आत घ्यायची आणि लॅपटॉपला सोसेल अशी, साधारण १९ ते २० व्होल्टची वीज बाहेर द्यायची, एवढं त्याचं काम. ठोकळ्याच्या पोटावरच्या लेबलवर सगळं छापलेलं असतं. ‘आउटपुट १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर’ असं लिहिलं असेल, तर दोन्हींच्या गुणाकारानं तो ६५ वॅटचा झाला. तीन अँपिअरहून अधिक प्रवाह एका बारीक वायरीतून तासन् तास वाहतो. अनेक चार्जरच्या या वायरीत मधे एक तार आणि तिच्याभोवती बारीक तारांचं वेष्टण असतं. वायर वाकते तेव्हा सगळा ताण मानेवर येतो. वारंवार वाकून काही तारा तुटतात, उरलेल्यांना तेवढाच प्रवाह वाहावा लागतो, त्या तापतात आणि वरचं आवरण कडक होऊन तडकतं. बाहेरून दिसणारी चीर ही अशा वेळी बिघाडाची शेवटची पायरी असते. पहिली पायरी महिन्यांपूर्वी, आतल्या आत, कोणाला न दिसता पडलेली असते.

मानेला दिलेला रबरी आधार किती लांब असावा, किती लवचिक असावा, पिन सरळ असावी की काटकोनात, वायर किती जाड असावी, हे सगळं कारखान्यात ठरतं. लॅपटॉप ही वस्तूच मुळी इकडून तिकडे नेण्यासाठी घडवलेली. ती नेताना वायर रोज गुंडाळली जाणार, पिशवीत कोंबली जाणार, पलंगावर बसून काम करताना वाकडी होणार, हे आराखडा काढणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. रोजच्या साध्या वापरानं वर्षाच्या आत मान तुटणारी वायर सदोष आहे, असंच म्हणायला हवं.

हे केवळ तर्कानं काढलेलं अनुमान नाही. अ‍ॅपलच्या जुन्या मॅकबुकसोबत मिळणाऱ्या मॅगसेफ चार्जरची पिन इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची होती. तिच्या मानेशी वायर झिजते, तंतू उघडे पडतात, ठिणग्या उडतात अशा तक्रारी अमेरिकेत साचत गेल्या. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात ग्राहकांच्या वतीनं सामूहिक दावा दाखल झाला. २०११ मध्ये तडजोड झाली. कंपनीनं दोष कबूल केला नाही, पण ज्यांना पदरचे पैसे घालून दुसरा चार्जर घ्यावा लागला होता त्यांना ७९ डॉलरपर्यंतची रक्कम परत द्यायचं मान्य केलं. एकेकट्या ग्राहकाची झिजलेली वायर पाहिली तर ती त्याची बेफिकिरी वाटू शकते. हजारो ग्राहकांच्या वायरी एकाच जागी झिजल्या की बोट आराखड्याकडे वळतं.

मायक्रोसॉफ्टचं उदाहरण याहून बोलकं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये या कंपनीनं सरफेस प्रो संगणकांबरोबर दिलेल्या विजेच्या वायरी परत मागवल्या. एकट्या अमेरिकेत त्यांची संख्या सुमारे साडेबावीस लाख होती. वायर तापल्याच्या ५६ आणि विजेचा धक्का बसल्याच्या ५ तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. कारण काय दिलं गेलं? वायर फार घट्ट गुंडाळली, पिळली किंवा चिमटली आणि हे बराच काळ चालू राहिलं, तर ती तापू शकते. नेमकं हेच वर्तन सेवा केंद्राच्या काउंटरवर ग्राहकाचा गुन्हा म्हणून सांगितलं जातं. तिथे मात्र कंपनीनं ते गृहीत धरलं आणि वायरी फुकट बदलून दिल्या. घट्ट गुंडाळली म्हणून तापणारी वायर धोकादायक आहे आणि तिची जबाबदारी बनवणाऱ्याची आहे, हे तत्त्व एका बलाढ्य कंपनीनं आपल्या कृतीतून मान्य केलं. भारतातल्या ग्राहकानं हे उदाहरण पाठ करून ठेवावं.

त्याच्या दीड वर्ष आधी, ऑगस्ट २०१४ मध्ये, एचपीनं ‘एलएस-१५’ असा शिक्का असलेल्या वायरी मागे घेतल्या होत्या. अमेरिका आणि कॅनडा मिळून त्या साठ लाखांच्या घरात होत्या. वायर तापून वितळल्याच्या किंवा करपल्याच्या २९ घटना नोंदल्या गेल्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात लेनोवोनंही त्याच खुणेच्या पाच लाखांहून अधिक वायरी परत घेतल्या. साठ लाखांत २९, हे प्रमाण पाहावं. त्या २९ जणांतला प्रत्येक जण आपापल्या गावच्या काउंटरवर गेला असता आणि ‘वायर करपली आहे, म्हणजे तुमच्या घरच्या विजेचा दोष,’ असं सांगून त्याला परत पाठवलं गेलं असतं, तर दोषाचा माग कधीच लागला नसता. तक्रार नोंदवून घेणं हे उपकाराचं काम नव्हे. पुढचा अपघात टाळण्याचा तो एकमेव रस्ता आहे. म्हणूनच तोंडी नकार देऊन ग्राहकाला वाटेला लावण्याची पद्धत केवळ अन्याय्य नाही, धोक्याचीही आहे.

विजेच्या दोषाबद्दलही बोलायला हवं, कारण महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हे कारण हमखास पुढे केलं जातं. व्होल्टेज कमी-जास्त झालं, म्हणून वॉरंटी नाही. पण चार्जरच्या लेबलवर कंपनीनं स्वतःच ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’ असं छापलेलं असतं. संध्याकाळी पंप सुरू झाले आणि घरातला दाब १७० व्होल्टवर उतरला, तरी तो या मर्यादेत बसतो. त्यामुळे कमी दाबानं चार्जर जळाला, हे कारण कंपनीला तोंडातून काढता येऊ नये. न्यूट्रल तुटून घरात ४०० व्होल्टच्या आसपास वीज आली किंवा वीज कोसळली तर गोष्ट वेगळी. तेव्हा ठोकळ्याच्या आतला फ्यूज किंवा इतर भाग जळाल्याच्या खुणा सापडू शकतात आणि त्या जाणकाराला दाखवता येतात.

कंपन्यांची बाजूही विचारात घ्यावी लागेल. उंदरानं कुरतडलेल्या, कुत्र्यानं चावलेल्या, चाकाखाली सपाट झालेल्या वायरी घेऊन लोक येतात. स्वस्तातला नकली चार्जर डब्यात घालून ‘हाच मूळचा’ म्हणणारेही असतात. पण अशा प्रत्येक प्रकाराची खूण वेगळी असते. दातांचे व्रण वेगळे, चेपलेली वायर वेगळी आणि मानेशी थकून तुटलेली वायर वेगळी. ठोकळ्यावर अनुक्रमांक असतो, तो कंपनीच्या नोंदीशी ताडता येतो. कंपनीकडे प्रयोगशाळा आहे, अभियंते आहेत, देशभरातून परत आलेल्या चार्जरचा ढीग आहे. पुरावा देणं तिला सोपं आहे. ग्राहकाकडे फक्त एक बंद पडलेला ठोकळा आणि बिल असतं.

नेमक्या याच ठिकाणी आपला कायदा ग्राहकाला अर्ध्या वाटेवर सोडतो. तसा कायदा दुबळा नाही. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा आला आणि २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात ‘दोषा’ची व्याख्या ऐसपैस आहे. वस्तूची गुणवत्ता, दर्जा यांत कायद्यानं किंवा करारानं अपेक्षित असलेल्यापेक्षा कमतरता असेल तर तो दोष, मग तो करार स्पष्ट असो वा गृहीत. त्याच कायद्याच्या कलम २(४७) नुसार सदोष माल परत घ्यायला आणि बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्याहून जुना, १९३० चा वस्तू विक्री कायदा विकलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असावी असं सांगतो. वॉरंटीच्या पत्रकात बारीक अक्षरात काहीही लिहिलं असलं तरी ही अपेक्षा सहजासहजी पुसली जात नाही.

पण ग्राहक आयोगापुढे प्रकरण गेलं आणि दोष आहे की नाही हे नुसतं पाहून ठरत नसेल, तर कलम ३८ प्रमाणे वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवावी लागते. प्रयोगशाळेनं ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. आणि या तपासणीची फी आधी भरायची असते ती तक्रारदारानं. दोन हजारांच्या चार्जरसाठी कोण हे करेल? कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा बहुधा मोटार किंवा फ्रिज असावा. लहान किमतीच्या, पण अडवून ठेवणाऱ्या वस्तूंना ही वाट परवडत नाही. चाचणी लागणारी प्रकरणं पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असंही कायदा सांगतो, मात्र चार्जर बंद पडलेल्या विद्यार्थ्याला पाच दिवससुद्धा थांबता येत नाही. आयोगांवरच्या नेमणुकांचे नियम स्वतःच वादात सापडले होते, ही वेगळी अडचण. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये त्या नियमांतल्या काही तरतुदी रद्द केल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये तो निर्णय कायम केला.

युरोपीय संघानं हा गुंता वेगळ्या टोकाकडून सोडवला. तिथे विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी बंधनकारक आहे. २०१९ च्या निर्देशानुसार, जो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, वस्तू मिळाल्यापासून वर्षभरात दोष दिसला तर तो मुळातच होता असं मानलं जातं. तसं नव्हतं हे विक्रेत्यानं सिद्ध करायचं. सदस्य देशांना ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवण्याची मुभाही आहे. सिद्ध करण्याचं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं की काउंटरवरचं सगळं संभाषण बदलतं. ‘तुम्ही मोडला’ असं म्हणायला मग कारण आणि कागद लागतो.

भारतात असा विचार परका आहे असंही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्यायचे नाहीत आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी नेली की वॉरंटी रद्द, हा त्यांचा शिरस्ता आयोगानं खोडून काढला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करू नका, चुकीच्या दुरुस्तीमुळे जेवढा बिघाड झाला असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असा त्या आदेशाचा आशय होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण त्यामागचं सूत्र चार्जरलाही तंतोतंत लागू पडतं. नुकसान नेमकं कशानं झालं ते दाखवा, मगच हमी नाकारा.

तोवर ग्राहकानं काय करावं? निमूटपणे नवा चार्जर विकत घेऊ नये, एवढं नक्की. आधी बिघाड चार्जरचा आहे की लॅपटॉपचा, हे समजून घ्यावं. तेवढ्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा अधिक वॅटचा आणि तीच पिन असलेला कोणाचा तरी चार्जर लावून पाहावा. त्यावर लॅपटॉप चालला तर संशय मिटला. भिंतीकडची तीन भोकांची वायर सुटी निघते, तीही बदलून पाहावी. कधी कधी सगळा चार्जर ठीक असतो आणि दोष तेवढ्या वायरीत असतो. काही लॅपटॉप स्वतःच साक्ष देतात. डेलच्या अनेक चार्जरमध्ये ओळख सांगणारी छोटी चिप असते आणि पिनेच्या मधल्या बारीक काडीतून ती लॅपटॉपशी बोलते. ती जोडणी तुटली की चार्जर ओळखता येत नाही असा संदेश पडद्यावर येतो, बॅटरी भरत नाही आणि संगणक मंदावतो. या संदेशाचा फोटो हा चांगला पुरावा आहे. ठोकळ्यावरच्या लेबलचा, अनुक्रमांकाचा आणि मानेपाशी जिथे बिघाड आहे त्या जागेचा फोटोही सेवा केंद्रात जायच्या आधी काढून ठेवावा.

बिल हा सगळ्याचा पाया. कंपनीच्या संगणकात वॉरंटीची तारीख कधी कधी माल कारखान्यातून किंवा वितरकाकडून निघाल्यापासून मोजलेली असते आणि ग्राहकानं खरेदी दोन-तीन महिन्यांनी केलेली असते. बिल पाठवलं की ती तारीख दुरुस्त करून मिळते. हे खरेदीनंतर लगेच करून घेतलं तर शेवटच्या महिन्यातली हमरीतुमरी वाचते. वाढीव वॉरंटी विकत घेतानाही विचारावं, की तीत चार्जर आणि बॅटरी धरली आहे का. तीन वर्षांची म्हणून घेतलेली वॉरंटी पुष्कळदा लॅपटॉपपुरतीच तीन वर्षांची असते आणि चार्जरची वर्षातच संपते.

सेवा केंद्रात गेल्यावर एकच आग्रह धरावा: नकार लेखी द्या. जॉबशीट बनवा, त्यावर कारण लिहा, सही-शिक्का द्या. मानेशी वायर तुटली असेल तर ‘साध्या वापरात वायर मानेशी तुटली’ असं आपल्या तक्रारीच्या रकान्यात आपल्याच शब्दांत लिहावं. हे काम करताना काउंटरवरच्या मुलावर आवाज चढवू नये. बरीच अधिकृत केंद्रं कंपनीच्या मालकीची नसून कंत्राटावर चालतात. मंजूर न होणारा चार्जर बदलून दिला तर भुर्दंड केंद्राला बसू शकतो. निर्णय त्या मुलाच्या हातात नसतो, वरच्या कार्यालयात असतो, आणि लेखी नकाराची मागणी त्याच कार्यालयापर्यंत पोहोचते. अनेकदा इथेच सूर बदलतो.

खरेदी ऑनलाइन असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री मंचाच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मराठीतही तक्रार घेतो. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण हजाराहून अधिक कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत आणि तिथून आलेली तक्रार कंपनीच्या मुख्यालयात वेगळ्या टेबलावर जाते. तरी काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार दाखल करायची फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. या शेवटच्या तरतुदीचं मोल शहरातल्यांना कळणार नाही. गडचिरोलीतल्या ग्राहकाला कंपनीच्या बंगळुरूतल्या पत्त्यावर धावावं लागत नाही, हा २०१९ च्या कायद्यानं दिलेला मोठा हक्क आहे. तक्रार दाखल करण्याची दोन वर्षांची मुदत मात्र पाळायला हवी.

बहुतेक लोक या वाटेला जात नाहीत. ते पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा आपल्या तालुक्याच्या बाजारातलं मोबाइलचं दुकान गाठतात आणि पाच-सातशे रुपयांत ‘कंपॅटिबल’ चार्जर घेतात. त्यांना दोष देता येणार नाही. उद्या सकाळी काम असतं. त्यांतले काही चार्जर चांगलेही निघतात. पण लॅपटॉपचे चार्जर भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. त्यांच्यावर मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे, आणि तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर मिनिटभरात तपासता येतो. खूण नसलेल्या ठोकळ्यात २३० व्होल्ट आणि लॅपटॉपचं धातूचं अंग यांच्यामध्ये कितपत अंतर ठेवलं आहे, ते बाहेरून कळत नाही. वॉरंटी नाकारणारी कंपनी ग्राहकाला नकळत या ठोकळ्याकडे ढकलते. त्यानं उद्या लॅपटॉप जळाला तर पुन्हा तेच: बाहेरचा चार्जर वापरला, वॉरंटी रद्द.

यूएसबी-सी सरसकट आलं की हा त्रास काहीसा कमी होईल. युरोपात मोबाइलसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून एकच प्रकारची जोडणी सक्तीची झाली, लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. शेजाऱ्याचा चार्जर लावून पाहणं सोपं होईल आणि पर्यायही वाढतील. पण वायर तीच राहील, मान तीच राहील.

आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणं, वाहनं ही चार क्षेत्रं त्यासाठी निवडली गेली. मे २०२५ मध्ये मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवालही केंद्र सरकारकडे आला. पावलं योग्य दिशेची आहेत. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची सुरुवात केली तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदाच नव्हता. तो यायला आणखी बारा वर्षं लागली. पुराव्याचं ओझं कंपनीकडे सरकवण्यासाठी मात्र नव्या कायद्याची वाट पाहायला नको.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अनुचित व्यापारी प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढण्याचा अधिकार कलम १८ नं दिलेला आहे. हॉटेलांच्या सेवाशुल्काबाबत जुलै २०२२ मध्ये आणि संकेतस्थळांवरच्या फसव्या मांडणीबाबत नोव्हेंबर २०२३ मध्ये प्राधिकरणानं तो वापरला. सेवाशुल्काविषयीची तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयात २०२५ मध्ये टिकलीही. वॉरंटीसाठी तसाच एक मसुदा हवा. त्यात वर्षभरातला बिघाड मूळ दोष मानला जावा. ‘फिजिकल डॅमेज’ म्हणून हमी नाकारायची असेल तर तपासणीचा अहवाल फोटोसह सात दिवसांत ग्राहकाच्या हाती द्यावा. तेवढे दिवस लॅपटॉप चालू राहील असा बदली चार्जर केंद्रानं वापरायला द्यावा. नाकारलेल्या प्रत्येक दाव्याची नोंद कंपनीनं ठेवावी, म्हणजे एकाच मॉडेलच्या वायरी एकाच जागी तुटत असतील तर ते प्राधिकरणाला दिसेल. येत्या २४ डिसेंबरच्या आत हा मसुदा लोकांपुढे हरकती-सूचनांसाठी यावा, आणि त्यात चार्जर, वायर आणि बॅटरी यांची नावं स्पष्ट लिहिलेली असावीत.